मोहोळाचा नकाशा

राजापेठेत खोली भाड्यानं घ्यायची म्हणजे आधी तोंडी परीक्षा. लग्न झालंय का, नसेल तर कधी करणार, नॉनव्हेज चालतं का, गावाकडून पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं. आडनावावरून जातीचा शोध तर चहा यायच्या आतच लागलेला असतो. मी अकोल्याची. अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायला आले, तेव्हा अशा चार परीक्षांत नापास होऊन पाचव्या घराची पायरी चढले होते. डोकं तापलेलं होतं. आता याही घरमालकानं लग्नाचं विचारलं की दोन शब्द ऐकवायचे आणि निघायचं, असं ठरवूनच बेल दाबली.

घरमालक मला थेट गच्चीवर घेऊन गेले. समोर रस्त्यापलीकडच्या शिकवणी वर्गाच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या पाटीवर सगळ्यात खाली काय लिहेल हाये, वाचा."

मी वाचलं, "प्रवेश मर्यादित."

"त्याच्या खाली."

त्याच्या खाली एका कोपऱ्यात पेंटरचं नाव होतं. तेही वाचलं.

"चष्मा?"

"नाही."

"खोली तुमची. जयभीम."

झालं. एवढीच मुलाखत. पुढच्या चार वर्षांत त्या माणसानं माझ्या लग्नाबद्दल, ताटातल्या भाजीबद्दल किंवा पाहुण्यांबद्दल एका अक्षरानं विचारलं नाही. मी त्यांना काका म्हणायची. ते मला आधी मॅडम म्हणत. सहा महिन्यांनी 'अवं मॅडम' झालं, आणि मग नुसतं 'तू'.

काका निवृत्त ट्रेसर. ही नोकरी काय असते ते आता सांगूनही कोणाला कळत नाही. कालव्यांचे मूळ नकाशे असायचे. त्यांवर पारदर्शक कागद अंथरून शाईनं हुबेहूब दुसरी प्रत काढायची, आणि मग त्या प्रतीवरून छापे निघायचे. एका सरकारी कचेरीत काकांनी चौतीस वर्षं हे केलं. दुसऱ्यानं काढलेली रेघ आपण काढायची, जाड नको, बारीक नको, आणि स्वतःची अक्कल तर मुळीच लावायची नाही. असं आयुष्य काढलेला माणूस मवाळ असेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

घरात 'अंदाजे' या शब्दाला बंदी होती. जाता जाता 'पाचेक मिनिटांत येते' म्हटलं की मागून आवाज यायचा, "पाच का सहा?" भाजीवाला 'किलोभर असन' म्हणाला की पिशवी त्याच्या हातात परत. काकू सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर थर्मामीटर वाचलेली बाई, पण त्यासुद्धा कावायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, तुमच्या वरणाला अशी चव कशी येते, मीठ किती घालता? काकूंनी आधी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अंदाजे. पण याईले सांगू नको."

मे महिना लागला की दुसराच तमाशा. रोज संध्याकाळी पाचला काका उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधत, आणि त्याच अवतारात राजापेठेतून दूध आणायला जात. ओळखीचे लोक थांबवत, "काय काका, मोतीबिंदू?"

"नाई. डोळा भिजू घातला."

एवढं बोलून पुढे चालू पडत. माणूस मागे तसाच उभा. खरं कारण साधं होतं. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला पुसट तारे जास्त दिसतात, आणि सरावायला वेळ लागतो. म्हणून चणे भिजू घालावेत तसा ते डोळा भिजू घालायचे, आणि तारे पाहायला गावाबाहेर जायचं नसेल त्या दिवशीही ही सवय मोडू देत नसत. घरातल्या दिव्यांना लाल पतंगी कागद गुंडाळलेला असायचा, कारण लाल उजेडानं हा सराव मोडत नाही. शेजारच्या बाईंनी एकदा काकूंना हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडे कोणाची बाधा काढून राहिले का?" काकूंच्या घरात तीन पिढ्यांत कोणी देवऋषीच्या दारात उभं राहिलेलं नाही. त्या बाईंना काकूंनी जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

हे सगळं कशासाठी, तर आकाशातल्या एका डागासाठी. नरतुरंग नावाचा तारकासमूह दक्षिणेला असतो. आपल्याकडून पाहिलं तर तो क्षितिजापासून फार वर येतच नाही. त्यात एक पुसट ठिकाण आहे, आरशावर श्वास सोडल्यावर उमटतं तेवढं. दुर्बिणीतून पाहिलं की तो डाग फुटतो आणि आत तारेच तारे दिसतात, मध्ये दाट, कडेला विरळ. असल्या गोळ्याला पुस्तकात गोलाकार तारकागुच्छ म्हणतात, आणि या गुच्छाचं नाव ओमेगा सेंटॉरी. काका त्याला मोहोळ म्हणायचे.

पहिल्या वर्षी मी त्यांना मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "हे तर मी शिकवते, काका. गोलाकार तारकागुच्छ, टीप लिहा, गुण दोन."

"पाहिला?"

"नाही."

"मंग शिकवता काहून?"

मला राग आला. खरं सांगते, चांगलाच आला. पण त्या मेमध्ये मी त्यांच्याबरोबर पातूरला गेले.

पातूरजवळ काकूंच्या भावाचं शेत होतं. इतक्या लांब कशाला, वलगावला माझ्या मैत्रिणीचं शेत आहे, असं मी सुचवून पाहिलं होतं. काका म्हणाले, "तिथून मोहोळाकडं पाहिलं की मधात अमरावती येते." म्हणून एसटीनं अकोला, अकोल्याहून पातूर. काकांच्या मांडीवर पीव्हीसीच्या जाड पाइपात बसवलेली दुर्बीण, काकूंच्या मांडीवर डबा, आणि माझ्या मांडीवर तपासायचे पेपर. दुर्बिणीचा आरसा काकांनी स्वतः घासला होता, दोन हिवाळे घालवून. कंडक्टर दरवेळी विचारायचा, "बोअरचा पाइप का?" काका दरवेळी तितक्याच गंभीरपणे सांगत, "दुर्बीण हाये. आठ इंची."

त्या पहिल्या संध्याकाळी अंधार पूर्ण पडल्यावर काकांनी मला नळीशी उभं केलं. मला नुसता धूर दिसला. "सरळ नको पाहू," ते म्हणाले. "नजर थोडी बाजूले ठेव अन् डोळ्याच्या कडेनं पाय." मी नजर बाजूला नेली आणि धुराचे कण झाले. एक दिसला, मग दहा, मग मोजता येईनात. वर्षभर दोन गुणांची टीप म्हणून फळ्यावर लिहिलेली गोष्ट माझ्या डोळ्यात येऊन बसली होती. मला रडू आलं. काका म्हणाले, "डोळे पूस. पाण्यातून चुकीचे दिसतात."

काका या मोहोळाचा नकाशा काढत होते. डोळा लावायच्या भिंगात त्यांनी बारीक तारांची जाळी बसवली होती. तशाच चौकटी ट्रेसिंग कागदावर आखलेल्या होत्या. एका वेळी एक चौकट पाहायची, तिच्यात दिसतील तेवढे तारे कागदावरच्या त्याच चौकटीत शाईनं टाकायचे. ठळक ताऱ्याला मोठा ठिपका, पुसटाला बारीक. चंद्र नाही, ढग नाही, धूळ नाही अशा संध्याकाळी एका मेमध्ये आठ-दहा मिळत. (काका, माफ करा. कधी आठ, कधी दहा.) मी आले तेव्हा असे आठ उन्हाळे झाले होते.

मी एकदा चिडवलं, "त्यात कोटभर तारे आहेत म्हणतात, काका. तुमचे झाले किती?"

"नऊशे चौदा."

"मग कसं व्हायचं?"

"कोटभर असतीन. मले नऊशे चौदा दिसले."

या उत्तरावर मी तेव्हा हसले होते. आता अकोल्यात कायम नोकरी आहे, वर्गात दरवर्षी तोच धडा येतो, आणि पोरांना कोटीचा आकडा सांगताना माझी जीभ जराशी अडखळते. तू किती पाहिलेस, असं कोणी विचारत नाही हे नशीब.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टरांनी काकांना काचबिंदू सांगितला. एक डोळा जवळपास गेलेलाच होता, दुसराही चालला होता. या आजारात आधी नजरेच्या कडा जातात, मधलं शेवटपर्यंत राहतं. म्हणजे काकांना वर्तमानपत्र वाचता येत होतं, पेन धरून ठिपका टाकता येत होता, पण पुसट तारा ज्या कडेनं दिसतो ती कडच गेली होती. नकाशाच्या सोळा चौकटी उरल्या होत्या. सगळ्या मधल्या, सगळ्यात दाट. काकांनी त्या मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या. हात पुरा बसल्यावर अवघड काम करायचं, अशी त्यांची पद्धत.

काकू मला म्हणाल्या, "एवढं पुरं झालं पायजे वं. बाकी त्याईनं काही मागितलं नाही कधी."

मी शहाणी. मोबाइलवर मोहोळाचा एक झकास फोटो शोधून काकांसमोर धरला आणि म्हटलं, यावर कागद ठेवा आणि सोळा चौकटी ट्रेस करा, दोन दिवसांचं काम. काकांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि उठून गेले. पुढे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. निरोप काकूंच्या मार्फत येत. "त्या मॅडमले सांग, टाकीचं पाणी बंद कर." मी समोरच उभी असायची.

नवव्या दिवशी ते स्वतःच माझ्या खोलीत आले, खुर्चीवर बसले आणि एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका पाटाचा नकाशा ट्रेस केला होता. मूळ नकाशावर एका शेतात बारीक काळा ठिपका होता. नकाशात विहीर दाखवायला असाच ठिपका आणि भोवती गोल असतो. गोल पुसट झाला असेल असं समजून काकांनी आपल्या प्रतीत ठिपक्याभोवती तो आखून दिला. नव्यानंच लागलेला माणूस, काम नीटनेटकं दिसावं एवढीच हौस. छापे निघाले. पाट त्या विहिरीला वळसा घालून खणला गेला.

"बारा वर्षांनी त्या गावात लग्नाले गेलो," काका म्हणाले. "पाहतो तं सपाट वावरात पाट मधातच वळेल. विहीर कोठंच नाई. एक बाई निंदून राहिली होती. तिले म्हटलं, हा पाट इथं काहून वळला? ते म्हणे, काय माहीत बाप्पा, आमची लिंबाची आठ झाडं गेली या वळणापायी. मंग तिनं मले पाणी देल्लं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"पाणी पेलो अन् आलो."

कचेरीत परत येऊन त्यांनी मूळ नकाशा काढला आणि भिंगाखाली धरला. तो माशीचा डाग होता. नकाशा त्यांनी घडी घालून जागेवर ठेवला. ना साहेबाला सांगितलं, ना त्या बाईला. सगळ्यांत पहिल्यांदा सांगितलं ते काकूंना, आणि तेही निवृत्त झाल्यावर.

"म्हणून न पाहता ठिपका टाकत नाई मी," ते म्हणाले. "फोटो खरा असन. पण मी नाई पाहिला."

मग त्यांनी विचारलं, "तू पाहशील का? सर्वेअर वावरात जाते, ट्रेसर टेबलावर बसते. वावरातल्या माणसावर भरोसा ठेवाच लागते. नकाशावर तुहं नाव लिहीन, पाहणारी म्हणून."

एवढा मोठा मान मला आजवर कोणी दिलेला नाही. डिग्रीच्या वेळीसुद्धा छाती इतकी भरून आली नव्हती.

चौथ्या मेमध्ये आम्ही तिघांनी पातूरला मुक्कामच ठोकला. मी नळीशी, काका शेजारी खुर्चीवर, मांडीवर फळी, फळीवर कागद, आणि काकू लाल टॉर्च धरून. मी बोलायची, "उजवीकडे वर, कोपऱ्यापासून दोन बोटं, बारीक," आणि ते टाकायचे. शंका वाटली की विचारत, "दिसला का वाटला?" वाटला म्हटलं की पेन वर. अशा पंधरा चौकटी झाल्या.

सोळावी अगदी मधली. ती शेवटची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवसापासून चंद्र आड येणार होता, त्यामागून पाऊस. जूनमध्ये काकांचं ऑपरेशन होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पेनचं टोक तरी दिसेल का, याची हमी डॉक्टर देत नव्हते. मी डोळा लावला. मधली चौकट नुसती दुधासारखी. नजर बाजूला नेली, परत आणली, श्वास रोखून पाहिलं. एक कण सुटा होईना. खालून ढगाची पट्टी वर चढत होती.

"बोल," काका म्हणाले.

मी परत डोळा लावला.

"घाई नाई. बोल."

मी नळीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. पेन कागदावर टेकायच्या बेतात धरलेलं, मान पुढे केलेली, मी काय म्हणते ते ऐकायला सगळा माणूस कान झालेला. मला ते पाहवेना.

"डावीकडे खाली, एक," मी म्हटलं. "मध्यम."

ठिपका पडला.

"दिसला का वाटला?"

"दिसला."

असे पाच सांगितले. मग ढग आले. काकांनी पेनला टोपण लावलं, कागदावर दुसरा कोरा कागद ठेवला आणि नळकांड्यात गुंडाळून काकूंच्या हातात दिला. "झालं," ते म्हणाले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मी बांधावर जाऊन बसले.

अमरावतीला आल्यावर काकांचा नूर पालटला. ते शीळ घालत. भाजीवाल्याशी भांडले नाहीत. काकूंनी पुढच्या रविवारी जेवण ठरवलं. कचेरीतले जुने लोक, विहारातली मंडळी, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, आमरस. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी काकांनी मला टेबलाशी बोलावलं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी चौकोन आखला होता. पाहिले, काढले, तपासले. 'पाहिले'च्या पुढे त्यांचं नाव आणि त्याखाली माझं. वर एक ओळ शिसपेन्सिलीनं लिहिलेली होती, शाई फिरवायची बाकी होती.

"वाचून सांग, बरोबर हाये नं."

मी वाचलं. या नकाशातला प्रत्येक ठिपका डोळ्यानं पाहून काढला आहे.

बारा दिवस मी स्वतःला समजावत होते. कोटभर ताऱ्यांत पाच कुठेतरी असतीलच. म्हाताऱ्या माणसाला आनंद झाला, कोणाचं काय गेलं. त्या ओळीपुढे यातलं एकही चाललं नाही.

"काका, मधल्या चौकटीतले पाच मी पाहिलेले नाहीत."

त्यांनी मान वर केली नाही. "मंग?"

"मनानं सांगितले."

"काहून?"

"तुमचं पुरं व्हावं म्हणून."

काका उठले आणि गच्चीवर गेले. जूनच्या तोंडावरचं दुपारचं ऊन, डोक्यावर टोपी नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं, आधी पुस्तकं, मग भांडी.

जिन्यावर पावलं वाजली. काका येऊन खुर्चीत बसले. डोळे लाल झाले होते. ते उन्हानं झाले होते की कशानं, हे मी सांगणार नाही, कारण मी ते पाहिलं नाही.

"पाचही ध्यानात हायेत?"

"आहेत."

"दाखव."

मी एकेक दाखवला. त्यांनी भिंग धरून पाचही पाहिले, आणि ड्रॉवरमधून अर्धं ब्लेड काढून माझ्यापुढे ठेवलं.

"सांगितले तू, तूच खरड. पातं आडवं धर. दाबू नको. शाई कागदाच्या वर बसेल असते, आत नाई जात."

त्यांनी दोन्ही तळव्यांनी कागद ताणून धरला. मी खरडायला लागले. पाच ठिपक्यांना पाऊण तास लागला. शाईची भुकटी झाली की ते फुंकर मारत आणि म्हणत, "अजून." कागद फाटला नाही. चौकट कोरी झाली तेव्हा माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

काकांनी पेन उचललं. त्या कोऱ्या चौकटीत, नकाशावर गावांची नावं लिहितात तशा बारीक सरळ अक्षरांत लिहिलं, 'पाहिले. दिसले नाही.' मग वरच्या ओळीवर शाई फिरवली. सगळ्यात शेवटी खालच्या चौकोनातल्या 'तपासले' या शब्दावर बोट ठेवलं आणि पेन माझ्याकडे केलं.

"इथं सही कर."

"मी? काका, मीच तर खोटं सांगितलं."

"म्हणूनच म्हणतो. कचेरीत तपासणारे न पाहता सह्या करत. तू तं घासून घासून पाहिलं."

मी सही केली. पाऊण तास ब्लेड धरून बोटं आखडली होती, अक्षरं ओळ सोडून खाली गेली.

"काका, सही वाकडी आली."

त्यांनी भिंग घेतलं, वाकून नीट पाहिलं.

"तुहीच हाये नं?"

"हो."

"मंग राहू दे."